मागचं इंजिन

"गाडी वर आली. आठही डबे आले. मग आता अडलंय कुठे?"

डॉक्टर निरंजन वडनेरे हातातला रिमोट अजून घट्ट धरून विचारत होते.

रणपिसे बाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अडलंय कुठे? आली की गाडी वर."

"तुम्हीच म्हणाला होतात, आठ डबे या चढावरून आणून दाखवा, मग बोलू."

"मग बोलतोय ना आपण."

अण्णा बोंद्रे आणि मी, आम्ही रविवारचे नेहमीचे दोघं, जांभळाखाली चहा घेत होतो. आम्ही कपात तोंड घालून बसलो. तिथे अशा वेळी हसायचं नाही, असा नियम आहे.

इगतपुरीत बाईंच्या घरामागे हे सगळं चालतं. बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. चढ-उतार म्हणजे काय ते फळ्यावर मुलींना कळेना, म्हणून त्यांनी परसातल्या उतारावर मुलींकडूनच छोटे रूळ टाकून घेतले. मुली मोठ्या होऊन पांगल्या. रूळ मात्र वाढत राहिले.

रूळ तीन बोटं रुंद. खालचे आडवे ठोकळे जुन्या सागवानी खिडक्यांच्या पट्ट्या कापून केलेले. खडी बाईंनी स्वतः फोडून रव्याच्या चाळणीने चाळलेली. खालचं स्टेशन विहिरीपाशी, वरचं पाण्याच्या टाकीपाशी. मध्ये अळूच्या वाफ्याला वळसा घालून जास्वंदीच्या कुंपणामागून जाणारा चढ, आणि चढ संपता संपता एक बोगदा. इंजिनं बॅटरीवर चालतात, प्रत्येकाचा रिमोट वेगळा.

छोट्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कोणी काचेच्या कपाटात ठेवतात, कोणी पाहुणे आले की तेवढ्यापुरत्या काढतात. बाईंची गाडी पावसात शेवाळावरून घसरते, थंडीत दवाने भिजते. सकाळी रुळांवर प्राजक्ताचा सडा पडलेला असतो आणि तो झाडल्याशिवाय पहिली गाडी सुटत नाही. मला ती फार आवडते. एवढ्या वयातही बाई स्वतः वाकून झाडतात, कोणाला हात लावू देत नाहीत.

डॉक्टर नाशिकचे, दातांचे. त्यांच्या घरी एक खोली भरून रेल्वे आहे. मी ती पाहिली आहे आणि खरंच तोंडात बोट घालावं असं काम आहे. फलाटावरच्या चहावाल्याच्या किटलीला कडीसुद्धा आहे. काम जितकं बारीक, अभिमान तितकाच जाडजूड.

त्यांना बाईंकडून एकच गोष्ट हवी होती.

त्यांचे वडील, आबा, पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. घर आबांचं, घरामागची मोकळी जागाही आबांची. तिथे रूळ टाकू का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, "माझ्या अंगणात खेळणी नकोत." चाळिशी उलटलेल्या माणसाला ते फार लागलं. आबांच्या धाकट्या बहिणीला बाईंनी शिकवलं होतं, त्यामुळे वडनेऱ्यांच्या घरात बाईंना मान. 'हा माझा विद्यार्थी' एवढं बाईंनी एकदा म्हटलं, की आबा नमतील, अशी डॉक्टरांची आशा होती.

आता खरं काय ते सांगतो. डॉक्टरांची गाडी डॉक्टरांच्या इंजिनाने वर आणलेली नव्हती.

कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ती गाडीला ढकलत वर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि गुपचूप खाली परत जातात. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, नाशिकच्या माणसालाही ठाऊक असतं. पण आपल्या गाडीच्या मागे कोणी असेल, हे काही केल्या कोणाच्या डोक्यात येत नाही.

बाईंच्या चढावर आठ डबे एकट्याने ओढील असं इंजिन अजून झालेलं नाही. पाहुणा वर टाकीपाशी उभा असतो. त्याला चढ दिसत नाही, बोगद्याचं तोंड तेवढं दिसतं. बाई कुंपणापाशी स्टुलावर भाजी निवडत बसतात. टोपलीत भाजी, भाजीखाली दुसरा रिमोट. मागचं इंजिन बोगद्यापर्यंत टेका देतं आणि आतच थांबतं. गाडी एकटी बाहेर येते. पाहुण्याची छाती फुगते.

अण्णांची फुगली होती. माझीही फुगली होती.

"मग मला शिकवाल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुढचं इंजिन चालवता येतं ना तुम्हाला?"

"आत्ताच बघितलंत की."

"मग पुढे शिकण्यासारखं काय राहिलं? पुढच्या रविवारी मागे या."

"मागे म्हणजे?"

"मागच्या इंजिनावर. इथे, कुंपणापाशी उभं राहायचं."

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांना वरच्या वर्गातून उचलून बालवाडीत बसवलं. जाताना चहासुद्धा घेतला नाही.

पण रविवारी आले.

त्या दिवशी पुढचं इंजिन अण्णांकडे होतं. बाईंनी डॉक्टरांना मागचा रिमोट दिला आणि म्हणाल्या, "आज काही करू नका. नुसतं बघा."

गाडी निघाली. अळूचा वाफा ओलांडला. जास्वंदीपाशी आली आणि थांबली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

"अण्णांचं इंजिन कमजोर आहे," डॉक्टर म्हणाले. "माझं लावा."

त्यांचं लावलं. मागचा रिमोट त्यांनी बाईंना परत दिला, पुढचा स्वतः घेतला आणि गाडीच्या बरोबरीने चढाशेजारून चालू लागले. गाडी जास्वंदीपाशी थांबली. त्यांनी रूळ रुमालाने पुसले, चाकं पुसली, पुन्हा खालून सोडली... पुन्हा जास्वंद.

डॉक्टर बराच वेळ त्या थांबलेल्या गाडीकडे बघत राहिले. मग बाईंकडे. मग टोपलीकडे.

"बाई... त्या दिवशी माझी गाडी वर कोणी आणली?"

"तुम्ही."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी भाजी निवडत होते."

डॉक्टरांनी टोपलीतली मेथी बाजूला केली. खाली मागचा रिमोट होता. त्यांचे कान लाल झाले.

"फसवलंत मला."

"गाडी वर आली ना?"

"आली."

"कुठे घसरली?"

"नाही."

"तुम्हाला आनंद झाला होता ना?"

डॉक्टर ताडकन वळले आणि फाटकाबाहेर गेले. मोटारीचं दार आपटल्याचा आवाज आला. बरेचजण इथूनच जातात. काहीजण तर बाईंच्या नावाने खडे फोडत जातात. अण्णा म्हणाले, "संपलं." मलाही तसंच वाटलं.

पण मोटार सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही. माझा दुसरा चहा संपायच्या सुमारास डॉक्टर परत आले. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या होत्या. कुंपणापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "द्या."

त्या क्षणापासून हा माणूस मला आवडायला लागला.

शिकणं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्याच खेपेला त्यांनी रिमोटचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मागून जोर आला, वळणावर मधले डबे रुळाबाहेर उडाले आणि थेट अळूत जाऊन पडले.

"एवढा जोर कशाला?" बाईंनी विचारलं.

"ढकलायचं म्हणालात ना?"

"मी कधी म्हटलं? टेकायचं."

दुसऱ्या खेपेला ते इतके हळू टेकले, की पुढची गाडी निघून गेली आणि मागचं इंजिन एकटंच चढावर राहिलं. तिसऱ्या खेपेला धक्का बसला. डबे घसरले नाहीत, पण अण्णा पुढून ओरडले, "अहो डॉक्टर, मान मोडाल माझी!"

"नेमकं किती टेकायचं?" डॉक्टर चिडून म्हणाले. "काही माप आहे का?"

"तुम्ही वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करता ना?"

"करतो."

"तिथे किती जोर लावता?"

"अगदी थोडा. सतत, पण पेशंटला कळणार नाही इतका..."

डॉक्टर मध्येच थांबले. बाईंनी मेथीची पुढची जुडी सोडली.

पावसाळा सरला, थंडी पडली. डॉक्टर न चुकता येत राहिले. मागचं इंजिन चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. त्याला दिसते ती शेवटच्या डब्याची पाठ. गाडी कुठे जड झाली, कुठे वळणावर ताणली गेली, ते त्या पाठीवरून ओळखायचं. डॉक्टर त्या पाठीकडे अशी नजर लावून उभे राहायचे, की डासांनी फोडून काढलं तरी हात हलायचा नाही.

एकदा पुढच्या इंजिनावर मी होतो. गाडी कशी लोण्यासारखी चालली होती. मी मनात म्हटलं, वा, हात चांगला बसला आपला! बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि मग आठवलं, की मागे डॉक्टर आहेत. इतकी वर्षं तिथे जाणारा मी, मलाही विसर पडला. मी जाऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी नुसतं हसून इंजिन खाली नेलं.

बाई मात्र 'हा माझा विद्यार्थी' असं काही म्हणाल्या नाहीत.

शेवटी डॉक्टरांनीच विषय काढला.

"बाई, आबांना एकदा सांगाल का?"

"काय सांगू?"

"की हे खेळणं नाही."

"खेळणंच आहे की."

डॉक्टरांनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या. त्या संध्याकाळी ते फार थकलेले दिसले.

पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या मोटारीतून आबाच उतरले.

उंच, ताठ, पांढरीशुभ्र पँट, हातात काठी. ती टेकण्यासाठी नव्हती, दाखवण्यासाठी होती. "म्हटलं, बघावं तरी," ते फाटकातूनच म्हणाले. "आमचा मुलगा दर रविवारी दवाखान्याची सुट्टी इथे कशात घालवतो."

बाईंना त्यांनी नमस्कार केला. बहिणीची आठवण सांगितली. मग हात मागे बांधून सगळी लाइन फिरून पाहिली. वाकून चढाकडे एक डोळा मिटून बघितलं.

"उतार बरा साधलाय," ते म्हणाले. "माझी हयात कालवे काढण्यात गेली, त्यामुळे नजर लागते लगेच. पण बाई, राग मानू नका, शेवटी पोरखेळच हा."

"राग कसला," बाई म्हणाल्या. "चालवून बघता?"

"यात चालवायचं काय आहे? एवढ्या चढाला हे इंजिन पुरून उरेल." त्यांनी डॉक्टरांकडे हात केला. "आण तो रिमोट."

डॉक्टरांनी पुढचा रिमोट आबांना दिला. आबा टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

तेव्हा बाई स्टुलावरून उठल्या. मेथीची टोपली त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिली.

"डॉक्टर, एवढी भाजी निवडा जरा. मला गुडघ्यांनी बसवत नाही आज."

अण्णांनी माझा हात दाबला. इतक्या वर्षांत ती टोपली बाईंनी कोणाच्या हातात दिलेली आम्ही पाहिली नव्हती.

आबा वरून मोठ्याने हसले. "वा! दातांचे डॉक्टर झालात आणि इथे भाजी निवडता?"

"हो आबा," डॉक्टर म्हणाले आणि स्टुलावर बसले.

गाडी विहिरीपासून सुटली. आठ डबे. मागून थोडं अंतर ठेवून दुसरं इंजिन निघालं. आबांना ते दिसणं शक्य नव्हतं.

अळूचा वाफा गेला. वळण गेलं. जास्वंद आली.

गाडी मंदावली.

मी डॉक्टरांकडे बघत होतो. त्यांचा अंगठा मेथीखाली होता आणि हलत नव्हता. मागचं इंजिन वीतभर मागे थांबलेलं. पुढच्या इंजिनाची चाकं जागीच फिरू लागली.

वरून आबांचा आवाज आला. "काय झालं? का येत नाही?"

डॉक्टरांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. गाडी तिथेच थांबली असती. पुरून उरणारं इंजिन आमच्या सगळ्यांसमोर उताणं पडलं असतं, आणि हा पोरखेळ नव्हे हे कोणी न सांगता आबांना कळलं असतं. ज्यासाठी डॉक्टर इतके महिने आले, ते त्यांच्या अंगठ्याखाली होतं. माझ्या मनात आलं ते त्यांच्याही मनात आलं असणार. त्यांचा जबडा आवळलेला मला दिसत होता.

"निरंजन!" आबांनी हाक मारली. या वेळी आवाजात मघाचा तोरा नव्हता. "काही चुकतंय का रे माझं?"

...

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "नाही आबा. थोडा वेग वाढवा. येईल."

आणि टेकले.

शेवटच्या डब्याला इंजिन लागलेलं मी पाहत होतो, तरी ते कधी लागलं हे मला सांगता येणार नाही. चाकं जागीच फिरायची थांबून पुढे चालू लागली. डबा डब्यामागून सरकला. जास्वंद मागे पडली. गाडी बोगद्यात शिरली.

पलीकडून आबांचं ओरडणं ऐकू आलं. "आली! आली रे! सगळी आली!"

आम्ही वर गेलो. आबांची काठी गवतात पडली होती. ते दोन्ही गुडघे टेकून रुळाशेजारी बसले होते आणि त्यांची पांढरी पँट मातीने माखली होती. वडनेरे साहेबांना त्या आधी कोणी असं पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

"पाहिलंस?" ते डॉक्टरांना म्हणाले. "अडली होती, पण मी सोडली नाही. वेग वाढवला आणि आणली. पहिल्याच खेपेला! तू एवढे महिने येतोयस, तुला जमलं का असं?"

"नाही आबा. मी मागेच असतो."

"मागेच राहशील. भाजी निवडत बसल्यावर काय होणार?"

अण्णांना राहवेना. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी तोंड मिटलं. मी कबूल करतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनीही चष्मा काढून पुसला.

आबा उठले. पँट झटकायचं विसरूनच गेले.

"आपल्या मागच्या अंगणात विहिरीकडे उतार आहे बघ," ते म्हणाले. "तिथून लाइन काढली तर? चढ मी काढून देतो, तुला तो नीट जमायचा नाही. चल, उजेड आहे तोवर जागा मोजू. टेप आहे ना घरी?"

"आहे आबा."

"मग उभा काय राहिलास?"

आबा फाटकाकडे निघालेसुद्धा. चालता चालता हवेत हाताने वळणं काढत होते.

डॉक्टर मागे राहिले. बोगद्यातलं इंजिन त्यांनी चढावरून हळूहळू खाली नेलं, विहिरीपाशी उभं केलं. मग टोपली बाईंपुढे ठेवली. भाजी तशीच होती, एक पानही निवडलेलं नव्हतं. ते वाकले आणि बाईंच्या पायांना हात लावला.

"बाई, येतो. पुढच्या रविवारी जरा लवकरच—"

"पुढच्या रविवारी येऊ नकोस, निरंजन."

आम्ही सगळेच दचकलो. बाईंनी त्यांना नावाने कधी हाक मारली नव्हती.

"का बाई? माझं काही चुकलं?"

बाहेरून मोटारीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

बाईंनी मेथीची जुडी हातात घेतली.

"आबा आता रोज गाडी सोडतील. तू इकडे आलास, तर तिथे टोपली घेऊन कोण बसेल?"